हाय की

सिनेमावाले निपाणीत आले तेव्हा
मी तंबाखूच्या वखारीत हिशेबाला होतो.
मॅडमना माणूस हवा होता,
हिरोच्या जिभेवर इथली मराठी चढवायला.
दिवसाला आठशे, वर जेवण.

मी हिरोला म्हटलं, हे बघा,
'शोधतोय' म्हणायचं नाही, 'हुडकालोय' म्हणायचं.
आणि शेवटी 'की' ठेवायचा,
दारात चप्पल काढून ठेवतो तसा, न बघता.
येतो की. जेवलो की. हाय की.
कन्नड मध्येच आली तर येऊ द्यायची,
ती काय इथं पाहुणी नाही.

पोरगा शहाणा. वहीत लिहून घ्यायचा.
रात्री पुण्याला फोन, बायकोला, मग लेकीला पापा,
आणि सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून
तो शिवपुत्र व्हायचा, वखारीतला हमाल,
ज्याचा जीव मुकादमाच्या पोरावर जडलाय.

'की' चुकला की मॅडम शॉट थांबवायच्या.
माझ्याकडं वळून विचारायच्या, बरोबर आहे?
मी मान हलवायचो.
बाकीचं बरोबर आहे का,
हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही.
मीही बोललो नाही
की पोत्यांच्या थप्पीआडून
माणूस एवढा वेळ बघत नसतो.
पायांचा आवाज ओळखतो.
पुढं होऊन चुना मागतो.
नखावर घेतो, निघून जातो.
आठवडाभर पुरतो तेवढा.

शेवटच्या दिवशी माणूस कमी पडला
तर मलाच फेटा बांधला,
मुकादमाच्या पोराच्या लग्नात नवरीचा मामा.
मला हे जमेल का, असं कुणाला वाटलंच नाही.
एका टेकमध्ये ओके.
तेवढं तर मी
चौदा वर्षं घरोघरच्या मांडवात करतोय.

सिनेमा आला. थेटर भरलं,
गावातली वखार बघायला, आपापली पाठ बघायला.
शेजारचा म्हणाला, काय काम केलंय रे,
खरंच तसला वाटतोय!
मी म्हटलं, होय की.

मग ते आलं.
शिवपुत्र पुढं झाला, चुना मागितला.
आणि कॅमेरा खाली, त्याच्या खिशाकडं.
खिशात त्याची स्वतःची डबी. भरलेली.

हे मी शिकवलं नव्हतं.

दर गुरुवारी इरण्णा टेम्पो घेऊन यायचा
तेव्हा हिरो बाजूला बसून असायचा, वही मिटून.
मला वाटायचं, ऊन खातोय.

आधी राग आला. माझी डबी. माझा गुरुवार.
मोठ्या पडद्यावर, आणि टाळ्या त्याला.
आमच्यातला कुणी असता तर?
असता तर त्यानं ही डबी दाखवली असती का,
की माझ्यासारखाच हातानं खिसा झाकला असता?
मला सांगता येत नाही.
एवढं खरं, की जन्मभर मला बघितलेल्या गावात
मला बघितलं ते त्यानं,
आणि तेसुद्धा कामासाठी.

थेटरात कुणाला काही कळलं नाही.
तीन रांगा पुढं इरण्णा बसला होता, बायको-पोरांसोबत.
पडद्यावर खिसा आला
तेव्हा त्याची मान किंचित वळली,
मागं नाही, बाजूला,
काहीतरी ऐकू आल्यासारखी.

पुढच्या गुरुवारी टेम्पो लागला.
मी वहीत डोकं घालून पोती मोजत राहिलो.
दोनदा चुकलो.
तो जवळ आला. टाचांचा तोच आवाज.
मी काही मागितलं नाही.
त्यानंच डबी काढली, उघडली,
माझ्या खिशाकडं बघत म्हणाला,
"सुण्ण बेकेनो?"

वखारीत कुणीतरी शिंकलं.
मी खिसा चाचपला.

हाय की, म्हटलं.
तरी दे.