बेचाळीस रत्तल

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खांदा आता शिवलेला आहे,
शिवलेल्या पिशवीत भरतात तेवढंच भर.
म्हणून ऑगस्टातल्या एका मंगळवारी
हॅल्वरच्या दुकानात धनुष्याचे स्क्रू सैल करून घेतले:
साठावरून पन्नास, पन्नासावरून
बेचाळीस रत्तल.
आकडा त्यानं पेन्सिलीनं लिहिला
आणि जरा हळूच वाचला,
आजारी माणसाचं वजन सांगावं तसा.

काचेखाली टोकं मांडलेली.
ही बघ अर्डिस, उडताना मिटलेली,
लागली की पंख उघडतात, दोन इंच रुंद जखम.
म्हटलं, पंख उघडायलाही बळ लागतं, हॅल्वर.
माझ्या बाणाकडे मोजकी शिदोरी,
ती दारातच खर्चली
तर आतल्या खोलीत जायचं कशावर?

तीन पात्यांचं उचललं. देखणं होतं.
परत ठेवलं.
तीन पाती म्हणजे तीन भांडणं
त्याच एका फासळीशी.

शेवटी घेतलं ते कोपऱ्यातलं, धूळ बसलेलं:
लांबट, अरुंद, दोनच पाती,
अगदी नाकापासून धार,
एकाच अंगानं तासलेलं,
म्हणजे आत शिरताना किंचित वळतं,
कुलपातल्या किल्लीसारखं.
दोनशे ग्रेन.
जड आहे, हॅल्वर म्हणाला, बाण लवकर खाली येईल.
येऊ दे. वीस पावलं.
त्यापुढचं जनावर माझं नाही,
डोंगराचं.

एक गोष्ट त्याला सांगितली नाही.
एकोणीस वर्षांपूर्वी, साठ रत्तल सहज ओढत होते तेव्हा,
धार न पाहता, घाईत सोडलेला एक बाण.
रक्त आधी नेच्यांवर, मग दगडांवर,
मग ओढ्यापाशी काहीच नाही.
दोन दिवस फिरले.
तिसऱ्या दिवशी कावळे ओरडले,
तेही दुसऱ्याच कुणासाठी.
बळाची तेव्हा काही कमी नव्हती.

घरी टोक पाजवायला बसले.
खरखरीत दगड, मऊ दगड,
मग जुन्या खोगिराचा चामडी पट्टा.
मनगटावरची लव न ओढता निघाली तेव्हा थांबले.
खाटकाकडून बैलाच्या फासळ्या आणल्या,
वर ओलं कातडं,
आणि गवताच्या भाऱ्यावर बांधून अंगणात उभं केलं.
बाण पलीकडे निघाला, गोठ्याच्या फळीत रुतला.
शेजारची टेस, वय वर्षं अकरा, कुंपणावरून म्हणाली,
अजून एकदा.
हाडानं धारेचा एक कण पाडला होता.
तेवढा घासून काढला, मग अजून एकदा.

सप्टेंबर. बिटररूटच्या उतारावर
फरच्या फांद्यांतून थंडी ठिबकत होती.
सकाळी नर आला, शीळ घालत,
आणि समोर उभा राहिला, छाती माझ्याकडे.
हाताला खाज सुटली, खोटं कशाला बोलू.
पण समोरून हाडांचं दार लावलेलं असतं.
दोरी ओढलीच नाही.
तो गेला तेव्हा झाडंसुद्धा बुटकी दिसली.

कलत्या उन्हात मादी. चौदा पावलं. आडवी,
पुढचा पाय पुढे टाकलेला.
खांदा कुरकुरला. सोडला.

चुकला, असंच वाटलं.
तिनं मान वर केली,
कुणी हाक मारल्यासारखी इकडे तिकडे पाहिलं,
मग पुन्हा गवताला तोंड लावलं.
दोन घास. मी मोजले.
तिसऱ्याला गुडघे दुमडले
आणि ती बसली, रवंथ करायला बसावं तशी.

बाण पलीकडच्या शेवाळात होता, पिसांपर्यंत ओला.
पुसताना अंगठा कापला,
आणि कापल्याचं कळलं ते
बाही लाल झाल्यावर.
तिच्या मानेवर हात ठेवला, त्याच हाताचा.
काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मग टेसच्या बापाला फोन लागावा म्हणून
डोंगराच्या धारेवर चढत गेले, अंधारात.
उचलायला बेचाळीस रत्तल
पुरत नाहीत.