चालून दाखवा

वाशीच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर म्हणाले, दारापर्यंत जा आणि परत या.
मी गेले, परत आले.
पाठ ताठ, नजर समोर,
पोस्टात एकतीस वर्षं काउंटरपर्यंत जशी गेले, तशी.
त्यांनी लिहिलं: अडतीस.
चाळीसच्या खाली काही होत नाही, केणीबाई.

दोन टक्के कुठे सांडले
ते रिक्षात बसल्यावर कळलं.
(गाडी घरीच ठेवली होती.
दवाखान्याजवळ लावायला जागा नसते.)

बांधावर सांडले.
करावे गावाच्या मागे मिठागराचा बांध,
दोन पावलं शेजारी मावणार नाहीत एवढा,
दोन्ही बाजूंना पिकत आलेलं पाणी
आणि पुढे बाबा, डोक्यावर टोपली, मागे न बघता:
सरल चाल गो पोरी. लंगरलीस त परशील.
डावा पाय पोलिओनं बारीक ठेवलेला.
तो बांधाला घाबरून सरळ झाला
आणि सरळच राहिला, शाळेत, पोस्टात.
बघायला आले तेव्हा चहाचे सहा कप आणले,
बशीत थेंब नाही.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी पायऱ्या पाठ आहेत.
बँक सात, दाताचे डॉक्टर अकरा,
आणि गाडी लांब लागली
तर भाजी राहू दे.

टक्क्यांची आम्हाला सवय आहे म्हणा.
मिठागर गेलं, त्याचे साडेबारा आले,
तेही बाबा गेल्यावर,
काकाच्या नावातली एक वेलांटी चुकली
म्हणून आणखी नऊ वर्षांनी.

पुन्हा अर्ज केला.
या खेपेला हॉलमध्ये सराव केला,
फरशीची रेघ सोडून चालायचा.
कमरेला म्हटलं, झुक.
खांद्याला म्हटलं, तू कशाला धरून ठेवतोस, सोड.
नवऱ्याने पेपर खाली घेतला.
अगं, काय झालं तुला?
काही नाही, म्हटलं. ही मी.
तो बराच वेळ पेपर पुन्हा वर घेईना.

चौपन्न.
या वेळची डॉक्टर पोरगेली होती.
म्हणाली, इतकी वर्षं का नाही आलात?

मग कार्ड आलं, मग आरटीओतला कागद,
मग पुतण्याने काचेवर निळा स्टिकर लावला,
जरा तिरका.
काढून परत लावतो म्हणाला.
राहू दे, म्हटलं.

मॉलचं तळघर, खांब अठरा.
निळ्या चौकोनात एक मोटारसायकल, पोछ्याची बादली
आणि गुंडाळून ठेवलेलं गेल्या वर्षीचं ख्रिसमसचं झाड.
वॉचमन सगळं हलवतो, तक्रार नाही,
पण माझ्याकडे बघतो, मग स्टिकरकडे,
मग परत माझ्याकडे.
मी उतरते,
आणि खोटं कशाला सांगू,
लिफ्टपर्यंतची पहिली चार-सहा पावलं
जरा जास्तच लंगडते.
त्याच्या समाधानासाठी.
लिफ्टच्या आरशात मग स्वतःकडे बघवत नाही.

पुतण्या म्हणतो, आत्या, इथंच कुठंतरी
आपलं मीठ होतं.
असेल. मोजायला आता कोण आहे.
अडीच पावलं रुंद, सहा पावलं लांब,
एवढं तरी परत मिळालं, तासाला चाळीस रुपये देऊन.

परवा शेजारच्या गाडीची काच खाली झाली.
माझ्याहून लहान बाई, मांडीवर वॉकर आडवा.
हे कसं मिळतं हो?
सगळं सांगितलं. आधार, फोटो, दोन झेरॉक्स,
मंगळवारी जाऊ नका, गर्दी असते.
आणि ते चालून दाखवायला सांगतील,
तेव्हा बांधावरून चालू नका.

तिला कळलं नाही.
कसा बांध?
काही नाही हो, म्हटलं,
पाय जसा चालतो
तसा चालू द्या.