वीतभर पडदा

कुपवाडच्या फाउंड्रीतून सातला सुटतो.
अंगाला वाळूचा वास, कानात अजून भट्टी.
खोलीला खिडकी एकच, पूर्वेची,
तिच्यात चिनी गुलाब,
तळाला खिळ्याने भोकं पाडलेल्या श्रीखंडाच्या डब्यात.
विट्याच्या मावशीने फांदी मोडून दिली तेव्हा म्हणाली,
पाणी विसरलास तर चालेल,
ऊन विसरू नकोस.

ऊन म्हणजे माझी रात्र.

डबा अर्धा फिरवतो, काल वाकला त्याच्या उलट.
पडदा वीतभर सरकवून चिमट्याने धरून ठेवतो,
डोळ्यांवर ओला पंचा टाकून
भिंतीकडे तोंड करतो.

चारला उठावं तर सगळी मिटलेली,
खिशात धुतल्या गेलेल्या तिकिटासारखी.
वर्ष झालं. उमललेलं एकही पाहिलं नाही.
सुट्टीला एकदा जागा राहिलो,
चहा घेऊन समोर बसलो,
तर नेमकं आभाळ.
दुपारपर्यंत कळ्या माझ्याकडे, मी कळ्यांकडे.

समोरच्या गॅलरीतली कुदळ्यांची रेवा
संध्याकाळी जिन्यात अडवते :
"काका, आज सात होती. एकावर मुंगळा."
मी बरं म्हणतो,
सायकल काढतो.
गेटवर कार्ड पंच करताना
वॉचमन विचारतो, काय हसताय?