वाटेने सरळ जाऊ नये

गावाच्या नियमावलीत, कलम पंधरामध्ये लिहिलंय:
नदीकडे जाणारी पायवाट सहा फुटांहून रुंद नसावी
आणि ती वाकडी असावी.
वाकडी. शब्द माझा नाही, गावसभेनं हात वर करून मंजूर केलेला,
मार्च महिन्यात, शाळेच्या जिममध्ये, बाहेर बर्फ असताना.
घरातून पाहिलं तर थेट पाणी दिसता कामा नये,
पाण्यातून पाहिलं तर घर.

जिला वडील कौतुकानं म्हणायचे,
‘ही आमची नाकासमोर चालणारी’,
तिला मेनमधल्या या एल्डन्स फेरी गावानं काम दिलं:
वाटा पुरेशा वाकड्या आहेत का, बघत फिरायचं.
पिवळी टेप, पॅड, गमबूट, डासांचं औषध.

खोडाची जाडी मोजायची साडेचार फुटांवर,
म्हणजे छातीशी. कुणाच्या, ते लिहिलेलं नाही;
माझ्या हनुवटीशी येतं.
दोन इंची खोडाला एक गुण, चार इंचीला दोन,
आठला चार, बाराच्या पुढे आठ.
पंचवीस बाय पन्नास फुटांच्या चौकोनात सोळा गुण उरायला हवेत.
तेवढे उरले की काठ
काठावर पास.

लुसील थिबोडो, वय एक्क्याऐंशी.
तिच्या भाच्यानं एका शनिवारात
ओसरीपासून पाण्यापर्यंत करवतीनं भांग पाडला.
लाल मॅपल तीन, हेमलॉक एक,
अल्डरची झुडपं किती, देव जाणे.
बुंधे अजून ओले होते, भुसा बुटांना चिकटत होता.
‘मला नदी बघायचीय,’ लुसील म्हणाली,
‘मरायच्या आधी नव्हे गं. कॉफीच्या आधी. रोज.’

मी नोटीस दिली.
देताना हात थरथरला नाही, हेही सांगून टाकते.
बुंधे उपटायचे नाहीत, मातीला त्यांचाच हात आहे.
तीन फुटांखालचं काहीही छाटायचं नाही,
नेचे नाहीत, ब्लूबेरी नाही, नाव माहीत नसलेलं तर मुळीच नाही.
उरल्या झाडांच्या फक्त खालच्या तिसऱ्या हिश्शातल्या फांद्या.
आणि बारा रोपं लावायची
त्या सरळ भांगाच्या अगदी मधोमध.

वळण लावायचं म्हटलं की मला
पाढे म्हणायला बसवलेलं पोर आठवतं.
इथे ते फावड्यानं लावतात.

दोन वर्षांनी फेरतपासणी.
वाट आता खाली जाता जाता तीनदा मन बदलते.
दुसऱ्या वळणावर भाच्यानं ओंडका टाकलाय,
तिथे लुसील टेकते, गुडघे चोळते.
सरळ उतारावरून ती एकदाही खाली गेली नव्हती,
हे तिनं नाही, भाच्यानं सांगितलं.
तिनं सांगितलं: नियम मूर्खपणाचा आहे,
लिही तुझ्या कागदावर.
मी लिहिलं नाही.
शेवटच्या वळणापर्यंत नदी नसतेच.
मग एकदम असते, बिनदुधाच्या चहाच्या रंगाची,
आपल्याच कामात.

चौकोन आखला. मोजलं. पंधरा.
पुन्हा मोजलं, चढाच्या बाजूनं. पंधरा.
पाण्यालगत एक मॅपल, माझ्या अंगठ्याच्या दुप्पट जाड.
टेप म्हणाली पावणेदोन.
ओंडक्यावरून लुसील बघत होती,
तिला गुणांचं काही कळत नव्हतं,
किंवा सगळं कळत होतं.

टेप ओली होती, असं म्हणता येईल.
साल सुटलेली होती, असंही.
मी ती जरा सैल धरली
आणि लिहिलं: दोन.

परत वर जाताना
तिन्ही वळणं घेतली, नीट,
एकही कोपरा न कापता.