मागं लावलं

आज सातवीला क्रियाविशेषणं.
फळ्यावर लिहिलं स्लो,
मागं जोडलं एल-वाय, झालं स्लोली.
म्हटलं, बघा, शब्दाला शेपूट फुटलं
की तो सांगू लागतो काम कसं झालं.
पोरांनी भराभर मराठी दिली:
हळू. दमानं. आस्ते. रमतगमत.
पायल टेकामनं दिलं, गाभण म्हशीवानी.
तेही लिहून घेतलं.

दार किलकिलं झालं तेव्हा
दुसरी घंटा होऊन गेलेली.
लिंगू आत्राम. हातांना गोडसर चिकट वास,
केसांत वाळकं पान.
'सर, मी लेटली आलो.'

वर्ग हसला नाही. नियमानं बरोबरच होतं ते.
मलाच हसू आलं, आणि मग सांगावं लागलं
की लेटला शेपूट चालत नाही.
लावलं तर उशीर उरत नाही त्यात,
होतं हल्ली, अलीकडे, एवढ्यात.
'पण लावलं तर लागून जाते ना सर?'
'लागते. मंग तो दुसराच शब्द होते.'

'काऊन उशीर?'
'मोह पडून राह्यला ना सर.'

मोह मध्यरात्रीनंतर कधीतरी सुरू होतो,
ऊन चढेस्तोवर टपकत राहतो, एकेक.
टोपलं घेऊन खाली बसायचं
आणि अंधारात कुठं वाजलं ते ऐकायचं.
त्या पडण्याला मी इंग्रजीत शब्द शोधला.
ग्रॅज्युअली लिहिलं.
पुसलं.

इव्हेंच्युअलीला 'शेवटी' पुरेना.
होता होता, म्हटलं,
तेव्हा कुठं माना हलल्या.
बिलेटेडलीला उदाहरण लगेच सुचलं,
नाल्यावरचा पूल.
चार वर्षांपूर्वीचं पत्र ऑफिसात चिकटवलेलं आहे,
'यथावकाश कार्यवाही करण्यात येईल.'
यथावकाशला इंग्रजीत काय, पायलनं विचारलं.
म्हटलं, उद्या बघू.
ती म्हणाली, हेच का सर?

सुटीत लिंगू टेबलाशी आला.
शिष्यवृत्तीचा फॉर्म, सेतू केंद्रातून भरून आणलेला.
वडिलांच्या रकान्यात: लेट सोनेराव आत्राम.
'ह्याले शेपूट नाही. मंग उशीर ना सर?'
मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
सांगितलं, नावाच्या आधी आला
की तो कैलासवासी होतो.
त्यानं कागदाची घडी घातली,
घडीवरून नख फिरवलं.
'पण थो कधी लेट नव्हता सर.
मोहाखाली आमच्या आधी राहे.
आम्ही उठलो का
अर्धं टोपलं भरलेलं.'

मी म्हटलं, हो.
दुसरं काही सुचलं नाही.
सुचलं ते बुधवारी, एसटीत,
आणि तेही काही खास नव्हतं.

त्याच बुधवारी पाटणबोरीच्या अलीकडे गाडी पंक्चर.
सकाळची शाळा. पोचलो तेव्हा साडेनऊ.
पायरीवर लिंगू, मांडीवर हजेरी,
सगळा वर्ग त्यानंच भरून टाकलेला,
आणि सगळ्यांच्या खाली एक नाव वाढवलेलं,
माझं,
पुढे पेन्सिलीनं: लेट.

मी काही बोलायच्या आत
तो उठून उभा राहिला.
'आधी नाही लावलं सर,' घाईनं म्हणाला,
'मागं लावलं.'