सातवा रकाना

दर डिसेंबरात मुख्य कचेरीचा फॉर्म वर येतो.
कचेरी खाली ला पासमध्ये, आम्ही वर एल आल्तोत,
म्हणजे देवाच्या हिशेबाला आमच्याकडे चढण लागते.
सहा रकाने मी भरतो:
बाप्तिस्मे तीन, लग्न एक, मयतं पाच,
खुर्च्या बेचाळीस
(नऊ डगमगतात, पण तसं कोणी विचारत नाही),
दशमांश, छपराची डागडुजी.
सातव्यावर छापलंय: वाढ.

मी जुना खाणकामगार.
कथिलाच्या खाणीत हजेरी माझ्याकडे असायची.
जो तो पितळी बिल्ला खिळ्याला अडकवून उतरे,
वर आला की काढून घेई.
माणसं कशी मोजायची
हे मला कुणी शिकवायला नको.

आमच्या पाळकबाई, इलारिया तार्की,
मोजतच नाहीत.
रविवारी पत्र्यावर गारा अशा आपटतात
की प्रवचन पहिल्या रांगेतही पोचत नाही.
तेव्हा बाई खाली बसतात,
कुणाच्या तरी पोराचं नाक पुसतात,
गारा सरल्या की "तर" म्हणून पुढे चालू.

वडीलजनांनी एकदा बजावलं:
पलीकडच्या रस्त्यावर नवी मंडळी उभी राहिलीय,
ड्रम आहेत, हीटर आहेत,
आपली तरुण पोरं तिकडे वळतायत.
बाई म्हणाल्या, हीटर आहेत? बरं झालं.
थंडी फार आहे.
वडील फाउस्तीनोंनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

आमच्या आयमारात
होऊन गेलेलं डोळ्यांपुढे असतं,
व्हायचं ते पाठीमागे.
पाठीवरच्या झोळीत झोपलेल्या लेकरासारखं:
दिसत नाही, वजन तेवढं कळतं.
पण हे कचेरीला कसं कळवू?
रकाना दीड बोटाचा.

उपासना सुटली की आम्ही लांब कापड अंथरतो,
ज्याने त्याने गाठोडं सोडून आणलेलं त्यावर ओतायचं:
सुकवलेले काळे बटाटे, उकडलेल्या शेंगा, चीज.
बाई उभ्यानं वाढतात.
आधी म्हाताऱ्यांना, मग पोरांना,
मग तीन डब्यांत, झाकणं लावून बाजूला.
इतकी वर्षं मला वाटायचं, घरी नेत असतील.
वाटलं ते लिहून ठेवतो. मीही मंडळीतलाच.

यंदा सही राहिली म्हणून मागोमाग गेलो.
पहिला डबा सेनोबियाच्या दारात,
तिचा नवरा पुन्हा प्यायला लागलाय,
आणि ती लाजेनं येत नाही.
दुसरा वीटभट्टीवर, रेमिख्योला.
चार वर्षांत तो चर्चकडे फिरकलेला नाही.
त्यानं मागच्या रविवारचा डबा घासून परत दिला,
नवा घेतला, दार लावलं.
एक शब्द नाही.
तिसरा, विश्वास बसणार नाही,
थेट नव्या मंडळीच्या पायरीवर.
आमची योवाना तिथं ड्रम वाजवते.
दुपारपर्यंत पोटात काही नसतं तिच्या,
हे बाईंना ठाऊक.

त्या धुळीच्या रस्त्यात
मला एक संध्याकाळ आठवली.
सत्तावीस उतरले होते, सव्वीस वर आले.
सव्वीस हा आकडा कुणी तोंडातून काढला नाही.
सगळे खिळ्याकडे बघत होते,
तिथं लटकत राहिलेल्या एका बिल्ल्याकडे.
आणि मला वाटायचं,
या बाई मोजत नाहीत.

"आणा, कुठं करायची सही?"
कागद टेकायला जागा नव्हती.
रेमिख्योचा रिकामा डबा कामाला आला.
वर डबा, खाली डबा, मध्ये फॉर्म,
वारा असा की दाबून धरावं लागलं.
उचलला तेव्हा सातव्या रकान्यात
योवानाच्या डब्याचा तेलकट गोल उमटलेला.

खाली कचेरीत शून्य वाचतील.
वाचू देत.
मी फॉर्म तसाच पाकिटात घातला,
आणि पुढच्या रविवारपासून
दुसरा डबा मी नेतो.
भट्टीचा चढ बाईंना आता झेपत नाही.