अर्धी खाच

सदरच्या त्या दुकानात शिरलो तेव्हा खिशात
परवाना होता, कलेक्टर कचेरीच्या डिंकाचा वास येणारा,
आणि तीनशे वीस रुपये, सुतळीने बांधलेले.
अडुसष्ट साल. मी तारघरात होतो.
लोकांची मरणं आठ शब्दांत बसवायचो,
नववा शब्द आला की पैसे वाढत.
स्वस्त म्हणजे काय ते आपल्याला कळतं,
असं मला वाटायचं.

हातिमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"पहिली?"
"पहिली."
"मंग त्या काचंतल्या विलायतीकडे पाहू नको.
तिले पायता पायता तुयी पेन्शन येईन."
मी पाहिलंच.
अक्रोडाचं लाकूड, त्यावर कोरलेली चितळं,
एकाही चितळाला मरायची घाई नव्हती.

मग त्यांनी काउंटरवर पोतं अंथरलं
आणि त्यावर तीन रायफली निजवल्या.
पहिलीचा बोल्ट अडकत होता, जुन्या दाराच्या कडीसारखा.
दुसरी सुंदर होती, पण गालाला लाकूड पोचेना.
"बंदूक आखूड नाही, बाबू, तूच लांब आहेस."
खानोरकर हसला. तोच मला घेऊन आला होता,
उमरेडच्या बाजूला त्याच्या मामाची जीप होती
आणि त्याला बरोबर कुणीतरी हवं होतं.

"सगळे पैसे नळीत घालशील
तं जंगलात जाऊन काय तिची पूजा करशील?
गोळ्यांले ठेव. तेलाले ठेव.
आता डोये मीट, खांद्याले लाव, मंग उघड.
माशी समोर दिसली तं तुयी,
शोधा लागली तं दुसऱ्याची."

मी डोळे मिटले.
बाहेर कुणीतरी संत्र्यांच्या डझनात
तेरावं फळ मागत होतं.
डोळे उघडले तेव्हा माशी
समोरच्या शिंप्याच्या पाटीवर,
एका वेलांटीच्या बरोब्बर टोकाला बसली होती.

तिसरी. दोनशे दहा.
"एवढी स्वस्त काऊन?"
हातिमभाईंनी दस्ता उलटा केला.
पोटाला खाचा होत्या, चाकूने मोजून पाडलेल्या.
पाच पूर्ण.
सहावी अर्धी.

"त्यानं सांगतलं नाही. म्या इचारलं नाही.
इचारलं असतं तं भाव अजून पाडा लागला असता."

पावती केली. पन्नास गोळ्या घेतल्या,
एक तेलाची कुपी, एक चिंधी फुकट.
घरी मथुरेने रायफल पाहिली नाही, पावती पाहिली,
आणि उरलेल्या पैशांचं
शिलाई मशीनच्या पहिल्या हप्त्यात रूपांतर केलं.

डिसेंबरात उमरेडच्या पुढे, पहाटे,
जीप नाल्यात बंद करून आम्ही चालत गेलो.
दवाने बूट जड झाले होते.
नीलगाय उभी होती, तुरीच्या कडेला, माझ्याकडे बघत,
जणू तिलाच माझं काही विचारायचं होतं.
माशी शोधावी लागली नाही.
डाव्या हाताचं बोट आपोआप सरकत गेलं
आणि त्या अर्ध्या खाचेत जाऊन बसलं,
तंतोतंत, माझ्याच मापाची असल्यासारखं.

पुढचं खानोरकर वेगळं सांगायचा.
मी इतकंच सांगतो, दस्त्यावर आजही
पाच आहेत आणि एक अर्धी.

मग बहात्तर साली कायदा आला.
खानोरकर महिनाभर चिडून होता.
मी निवडणूक आली की रायफल ठाण्यात जमा करतो,
निकाल लागला की घेऊन येतो.
तिथला पोरगा दरवेळी विचारतो, आजोबा, चालते का ही?
तेल दिलेलं असतं, मी म्हणतो.

काल नात आली. तिला नेमबाजी शिकायची आहे,
छऱ्याची रायफल हवी, आणि बजेट नाही.
"आबा, स्वस्तात कोणती घेऊ?"
मी म्हटलं, डोळे मीट, खांद्याला लाव, मग उघड.
आणि दस्ता उलटा करून बघ,
आधीच्याने काय ठेवलंय त्यावर.

"आबा, ती नवीन आहे. दस्ता प्लॅस्टिकचा.
त्यावर काहीच नाहीये."

बरं, म्हटलं.
मग छरे जास्तीचे घे.